कुणाच्याच वाट्याचा नसलेला पट्टा

एकदा एका राज्यातले राजाच्या मालकीचे मोठे रान होळीनंतरच्या वणव्यात जळून गेले. रानाला लागून तीन गावे होती आणि तिन्ही गावांच्या विहिरींना पाणी त्या रानातूनच येत असे. झरे आटू लागले, तेव्हा रान पुन्हा उभे करण्यासाठी खजिन्यातून निधी द्यायचे राजाने ठरवले आणि त्याचा कायदा लिहायचे काम एका तरुण शास्त्र्याकडे सोपवले. तरुण हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. तरी या कामात त्याचा जीव गुंतला होता, कारण सर्वांत खालचे गाव त्याचे आजोळ होते. तिथल्या विहिरीत आता पोहरा टाकला की चिखल वर येई. आणखी एक उन्हाळा असा गेला, तर गाव उठणार हे उघड होते.

दरबारात वाचण्याआधी त्याने मसुदा आपल्या वृद्ध गुरूंना ऐकवला. रानाचे तीन वाटे, प्रत्येक गावाला आपापल्या वाट्याचा निधी, प्रत्येक वाट्याला एक राखणदार. गुरूंनी डोळे मिटून सगळे ऐकले.

"जुन्या कायद्यातही हेच होते ना रे?"

"पण निधी दुप्पट केलाय, गुरुजी. आणि दुसऱ्याच्या वाट्यात पाऊल टाकायची मनाई अधिक कडक केलीय. भांडणच नको!"

"चल, रानात जाऊन येऊ," गुरू म्हणाले आणि काठी घेऊन निघालेसुद्धा.

भर दुपारी दोघे तिथे पोहोचले. काळे बुंधे उभे होते. पाखरू नव्हते, किडा नव्हता, वाराही पडला होता. तिन्ही वाट्यांच्या मधोमध, कुणाच्याच वाट्याला न आलेल्या पट्ट्यात, शेंदूर लावलेला देवाचा दगड होता. पूर्वी दर वर्षी तिन्ही गावे तिथे जमून गाऱ्हाणे घालत. एकाने देवापुढे मागणे मांडायचे आणि बाकीच्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. वाटे पडले, त्या वर्षापासून ते बंद झाले होते.

"गाऱ्हाणे घाल," गुरू म्हणाले.

"इथे? होकार द्यायला माणूस कुठेय?"

"तू घाल तर."

शिष्याने मनातल्या मनात हसून हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या रान पुन्हा हिरवागार होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," डावीकडून कुणीतरी म्हणाले.

मग उजवीकडून तेच आले, आणि मग पाठीमागून. तिन्ही आवाज कोरडे होते, घसा भाजल्यासारखे. तिघांना एकमेकांचे ऐकूच येत नसावे, असे ते वेगवेगळे उमटले.

शिष्य पहिल्या आवाजाच्या दिशेने धावला. तिथे कुणी नव्हते. राखेवर त्याच्या स्वतःच्या पावलांखेरीज एकही पाऊल उमटलेले नव्हते. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि तो उलट पावली गुरूंपाशी येऊन उभा राहिला.

"हे राखणदार," गुरू शांतपणे म्हणाले. "वाट्यांच्या मधला पट्टा कुणाच्याच वाट्याचा नव्हता. आपला निधी खर्चून शेजाऱ्याचे रान का वाचवावे, असे म्हणत तिन्ही गावांनी तिथले गवत छातीइतके वाढू दिले. आग त्यातूनच आली. तिघे राखणदार मिळून धावते, तर पट्टा मोकळा करून तिला अडवते. पण सीमा ओलांडायची मनाई होती. प्रामाणिक माणसे रे ती! आपापल्या जागी उभी राहिली आणि धुरात गुदमरून गेली. अजून तिथेच उभी आहेत. आणि तू त्यांच्यासाठी तीच मनाई पुन्हा घेऊन आला आहेस."

शिष्याची मान खाली गेली. त्याला खूप लाज वाटली, आणि आजोळची माणसेही अशीच आपापल्या जागी उभी दिसू लागली.

दरबारात त्याने नवाच मसुदा वाचला. रान एकच राहील. तिन्ही गावे एकत्र बसून योजना करतील तेव्हाच निधी मिळेल, आणि त्यातला पहिला खर्च मधल्या पट्ट्यावर होईल.

"भांडखोर गावे ती! एकत्र आलीच नाहीत तर?" प्रधान म्हणाले.

"तर निधी खजिन्यातच राहील, महाराज," शिष्य राजाकडे वळून म्हणाला. "माझे आजोळ त्यात आहे, तरीही राहील."

राजाने मोहोर उठवली. गावे पावसाळाभर भांडली, पण पाऊस सरताच पुन्हा आटू लागलेल्या विहिरी पाहून अखेर एकत्र बसली. पुढल्या वैशाखात मधला पट्टा स्वच्छ होता, त्याच्या दोन्ही अंगांना गुडघ्याएवढी रोपे होती आणि दगडासमोर तिन्ही गावे उभी होती. गाऱ्हाणे शिष्यानेच घातले.

"व्हय म्हाराजा!" माणसे एका सुरात म्हणाली.

आणि तो सूर विरता विरता, पाठीमागच्या काळ्या बुंध्यांतून आणखी एक होकार आला. या वेळी तिन्ही आवाज एकत्र होते.

शिष्याने वळून पाहिले नाही. गुरूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता ते घरी जातील," ते म्हणाले.