झग्यावरचा केळीचा डाग

वसईकडच्या एका गावात बस्त्याव नावाचा एक बागाईतदार राहायचा. गाव कसलं, केळीची बागच ती. सकाळी रहाट करकरू लागला की पाटातून पाणी धावायचं आणि वाडीभर ओल्या मातीचा वास सुटायचा. आता तिथे रहाट नाही आणि पाटही नाही. पण ज्यांनी तो वास घेतला, त्यांचा जीव अजून हळहळतो.

बस्त्यावची लेक फिलू. इतकी वर्षं एकुलती एक, म्हणून भारी लाडाची. बापाने तिला सगळी वाडी मोकळी दिली होती. पेरू खा, जांब खा, शहाळी पी, कोण विचारतो? फक्त विहिरीकाठच्या राजेळी केळीचा घड दाखवून तो म्हणाला होता, "फिलू, एवढ्याला हात लावू नकोस. त्याला अजून वेळ आहे."

झालं. त्या दिवसापासून फिलूला वाडीतलं दुसरं काही गोड लागेना. बाबा हा घड आपल्याला सोडून दुसऱ्या कुणासाठी तरी राखतायत, असं तिने मनाशी घेतलं. त्यातच घरात तान्हा भाऊ आला आणि शंका पक्की झाली.

एका दुपारी सगळे घरात आडवे झाले होते. विहिरीच्या कठड्यावर कोयता पडलेला. फिलूने तो उचलला आणि घड खाली पाडला. एक केळं कसंबसं सोलून चावलं, तर सगळं तोंड तुरट होऊन बसलं. हात चिकाने चिकट झाले. तेवढ्यात पावलं वाजली. दोरीवर भावाच्या बाप्तिस्म्याचा पांढरा झगा वाळत होता, आईने हाताने शिवलेला. फिलूने घाईघाईत त्यालाच हात पुसले, घड पाचोळ्यात ढकलला आणि केळीमागे दडून बसली.

"फिलू, कुठं आहेस?" बापाने हाक मारली.

हाक रोजचीच होती. रोज ती ऐकून फिलू धावत यायची. त्या दिवशी मात्र तिला बापाची भीती वाटली, जन्मात पहिल्यांदा.

शेवटी ती बाहेर आली. कापलेला दांडा बापाला दिसलाच होता. "हे कुणी केलं?"

"आईनेच कोयता इथे टाकला होता," फिलू म्हणाली. बघा, घास घशाखाली उतरला नाही तोच बोट दुसऱ्याकडे वळलं.

बस्त्याव ओरडला नाही. घड उचलून तो मातीतच खाली बसला. "तुझाच होता गं हा. पिकला की उन्हात वाळवून याची सुकेळी करणार होतो. चर्चमध्ये तू पहिल्यांदा प्रसाद घेशील, त्या तुझ्या पहिल्या कम्युनियनला गावभर ती तुझ्या हाताने वाटायची होती. आता एवढा कोवळा कापल्यावर हा पिकायचा नाही."

फिलूला रडू आवरेना. "मीच तोडला, बाबा," ती म्हणाली. बापाने तिला जवळ घेतलं. पण घड काही परत झाडाला लागला नाही.

केळीचा चीक ओला असताना दिसत नाही. सकाळी झग्यावर काळे डाग उठले. आईने लिंबू चोळलं, रिठा लावला, झगा उन्हात घातला. डाग हलेना. दुसरा शिवायला वेळ नव्हता. रविवारी तान्हं बाळ तोच झगा घालून चर्चमध्ये गेलं.

फिलूला मान वर करवेना. म्हाताऱ्या फादरांना तिने हळूच विचारलं, "कोयता मी धरला. मग डाग त्याच्या अंगावर का?"

"आदामापासून हेच चाललंय, पोरी," फादर म्हणाले. "पहिल्यांनी घाई केली आणि डाग पुढच्यांना लागला. तो धुवायला म्हणून तर हे बाप्तिस्म्याचं पाणी." आणि त्यांनी बाळाच्या कपाळावर पाणी ओतलं.

घरी आल्यावर बस्त्यावने राजेळीच्या बुडाशी फुटलेला एक कोंब काढून लेकीच्या हातात दिला. "हा तू लाव. याला मनाई नाही."

फिलूने तो लावला, पाणी घातलं, वाऱ्यात टेकू दिला. फिलूचं कम्युनियन सुकेळ्यांवाचून झालं. पुढे केळीला घड धरला. एके दिवशी बापाने कोयता तिच्यापुढे केला. "तोडायचा?"

फिलूने घड नीट निरखला. केळ्यांच्या कडा अजून उठून दिसत होत्या, अंग भरलं नव्हतं. तोंडाला पाणी सुटलं होतं, तरी तिने कोयता परत केला. "अजून नाही, बाबा."

बस्त्यावचे डोळे भरून आले. "कोयता आता तुझ्याकडेच राहू दे," तो म्हणाला.

त्या साली गावाने खाल्लेली सुकेळी पुन्हा तशी कधी झाली नाहीत, असं जुनी माणसं सांगतात. झगा मात्र अजून आहे. त्या घरातलं प्रत्येक बाळ तोच घालून चर्चमध्ये जातं. डाग फिकट झालाय, गेलेला नाही. कुणी नवा झगा आणू म्हटलं की म्हातारी फिलू तो छातीशी धरते आणि म्हणते, "राहू दे. माझ्या बाबांनी तो घड माझ्यासाठीच राखला होता, हे मला यावरून आठवतं."

तात्पर्य: पहिल्या चुकीचा डाग माणूस जन्मतःच अंगावर घेऊन येतो, पण देवबापाची मनाई हिरावून घेण्यासाठी नसते, आपण पिकेपर्यंत थांबावं म्हणून असते.