प्रतिमल्लाचा खुराक

एकदा एक वृद्ध मल्लगुरू आपल्या शिष्याला घेऊन नदीकाठच्या महामेळ्याला निघाले. हा मेळा म्हणजे काही चार गावांची जत्रा नव्हती. दूरदूरच्या राज्यांतून मल्ल, धावपटू आणि धनुर्धर तेथे येत, आणि मेळा चालू असेपर्यंत कोणत्याही राज्याने दुसऱ्यावर शस्त्र उगारायचे नाही असा संकेत होता. तो कोणी घालून दिला हे सांगता येईल असे कोणी उरले नव्हते. राजे आले नि गेले, राजधान्या बदलल्या, सीमा इकडच्या तिकडे झाल्या. मेळा मात्र भरत राहिला.

शिष्य प्रथमच येत होता. टेकडीवरून त्याची नजर खाली गेली आणि तो जागच्या जागी थबकला. आज आपण घरबसल्या पडद्यावर देशोदेशींची पथके झेंडे घेऊन चालताना पाहतो आणि तेवढ्यात चहाचा घोटही घेतो. त्या तरुणाने आजवर आपल्या तालुक्यापलीकडचा माणूस फारसा पाहिलेला नव्हता. नदीच्या दोन्ही काठांवर माणसे मावत नव्हती. समुद्राकडचे नाविक होते, वाळवंटातले उंटवाले होते, बर्फाच्या मुलखातून लोकरी अंगरखे घालून आलेले आणि इथल्या उन्हाने पुरते घामाघूम झालेले पहाडी लोक होते. एकाचे जेवण दुसऱ्याला ओळखू येत नव्हते, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. पण आखाड्याच्या कडेला कोणी मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला की सगळ्या माना एकदम वळत. त्याचा अर्थ कोणी कोणाला विचारत नव्हते. शिष्याच्या अंगावर काटा उभा राहिला. जग एवढे मोठे आहे, आणि तरी ते एका नदीकाठी येऊन बसते, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते.

तथापि त्याच्या मनात एक शल्य होते. गेल्याच वर्षी शेजारच्या राज्याशी युद्ध झाले आणि त्यात त्याचा थोरला भाऊ कामी आला. भावाच्या चितेसमोर त्याने शपथ घेतली होती, की त्या राज्याच्या मल्लाला भर मेळ्यात चीत करीन. पंचांनी मेळ्याची मानाची कुस्ती नेमकी या दोन राज्यांच्या मल्लांत लावली होती. युद्ध थांबले होते, मिटले नव्हते. मेळा संपताच ते पुन्हा पेटणार हे दोन्हीकडच्या पोरासोरांनाही ठाऊक होते.

कुस्तीच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला शेजारच्या राज्याचा मल्ल येऊन पोहोचला. एकटाच, धुळीने माखलेला, डोळे खोल गेलेले. मेळ्याच्या पाहुण्याला अडवायचे नाही, हे सीमेवरच्या चौकीदारांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी त्याला अडवले नाही. 'चौकशी चालू आहे' एवढेच सांगून दोन दिवस नुसते बसवून ठेवले. ही कला सर्व राज्यांतल्या चौकीदारांना सारखीच अवगत असते. त्या अवधीत त्याच्या पोटात मूठभर फुटाण्यांखेरीज काही गेले नव्हते. हे चौकीदार शिष्याच्याच राज्याचे होते. शिष्याने ते ऐकले आणि त्याला मनातून बरे वाटले.

गुरूंनी मात्र त्या मल्लाचा हात धरला आणि त्याला सरळ आपल्या राहुटीत आणले. शिष्यासाठी आटवलेले दूध, वाटलेले बदाम, लोणकढे तूप, सगळा खुराक त्यांनी पाहुण्यापुढे ठेवला. तो संकोचला, तेव्हा गुरूंनी स्वतः पेला भरून त्याच्या हाती दिला. मग ते शिष्याकडे वळले.

"तेलाची वाटी घे. याचं अंग आंबलंय. आज तुझ्या हातानं याची मालीश होऊ दे."

"गुरुजी, उद्या माझी कुस्ती याच्याशीच आहे."

"म्हणून तर."

गुरूंचा शब्द खाली पडू देणे त्याला माहीत नव्हते. दातओठ खात तो बसला आणि शत्रूच्या पाठीवर तेल चोळू लागला. खांदे झाले, दंड झाले, मांड्या झाल्या. उजव्या गुडघ्यामागे बोटे गेली तेव्हा तिथे भरून आलेल्या जखमेची एक कठीण गाठ लागली. पाहुण्याचा श्वास क्षणभर अडकला. तोंडातून मात्र त्याने हूं की चूं केले नाही. शिष्याचे डोळे चमकले. पाहुणा झोपी जाताच तो लगबगीने बाहेर आला.

"गुरुजी, मी खरोखर मूर्ख. तुमचा डाव मला आत्ता कळला. त्याचा उजवा गुडघा अधू आहे, गेल्या वर्षीच्या युद्धातली भाल्याची जखम आहे. उद्या तोच पाय धरला की काम फत्ते."

गुरू खुराकाचे रिकामे भांडे घासत बसले होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी शिष्याकडे पाहिले, आणि त्या दृष्टीत राग नव्हता, वाईट वाटणे होते.

"मी याच्यासाठी तुला मालीश करायला बसवलं, असं वाटलं तुला?" ते म्हणाले. "अरे, लढाईत माणसाला वाटतं की समोरचा उपाशी असावा, आजारी असावा, जमलं तर झोपेतच असावा. जेवढा तो दुबळा, तेवढं आपलं भाग्य. आखाड्यात सगळं उलटं असतं. इथं समोरचा जेवलेला हवा, झोपलेला हवा, त्याच्या अंगात होतं नव्हतं ते सगळं बळ हवं. तो पुरा नसेल तर तू किती आहेस हे तुला कोण सांगणार? म्हणून त्याला दूध दिलं. गुडघ्याचं मला ठाऊक नव्हतं. आता तुला कळलंय, ते काही मी तुझ्या डोक्यातून काढून घेऊ शकत नाही."

"आणि माझी शपथ? भावाला काय सांगू?"

"शपथ तू घेतलीस. त्यानं मागितली नव्हती."

एवढे बोलून गुरू पुन्हा भांडे घासू लागले. शिष्याला फार वेळ झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी आखाड्याभोवती तीळ ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला शिष्याचा राजा, दुसऱ्या बाजूला शेजारचा राजा, दोघांचेही हात सवयीने कमरेकडे जात आणि तिथे तलवार नाही हे आठवून परत येत. हलगी कडाडली. दोघांनी एकमेकांच्या हाती माती दिली आणि कुस्ती जुंपली. पाहुणा काल संध्याकाळचा माणूसच राहिला नव्हता. त्याच्या पकडीत दुधातुपाचे बळ आले होते. शिष्याला प्रथमच असा गडी भेटला होता, की ज्याच्यापुढे त्याला स्वतःचे सारे बळ काढावे लागले. आपल्यात एवढे बळ आहे याचेच त्याला नवल वाटत होते.

बराच वेळ कोणी कोणाला आटोपेना. आणि मग पाहुण्याचा तोल जरासा गेला, उजवा पाय पुढे आला. शिष्याचा हात विजेसारखा खाली गेला. बोटे गुडघ्याला टेकली, तिथली गाठ त्यांना ओळखीची होती. त्याला दया आली असे म्हणता यायचे नाही. त्याच्या मनात अजून राग होताच. पण त्याला लख्ख दिसले, की हा पाय आपण ओढला तर जिंकणारे आपण नसू, तो भाला असेल. तोच भाला, त्याच रणातला, जिथे भाऊ पडला. त्याचा हात गुडघ्यावरून निघाला आणि कमरेकडे गेला.

मल्लाला तेवढा क्षण पुरतो. पाहुण्याने त्याला पाठीवर घेतले आणि आपटले. शिष्याचे दोन्ही खांदे मातीला लागले.

पाहुणा नाचला नाही. त्याने वाकून हात दिला आणि मोडक्यातोडक्या बोलीत विचारले, "पाय हाताशी आला होता. का सोडलास?"

"तो आधीच कोणीतरी मोडला होता," शिष्य धापा टाकत म्हणाला.

पाहुण्याचे डोळे भरून आले. त्याने आपल्या हातासोबत शिष्याचाही हात उंच केला. पलीकडच्या काठावर कोणीतरी मांडीवर थाप मारली. मग दुसऱ्याने मारली, मग नाविकांनी, उंटवाल्यांनी, पहाडी लोकांनी. ज्यांनी जन्मात अंगाला आखाड्याची माती लावली नव्हती, असे ढेरपोटे व्यापारीसुद्धा शड्डू ठोकू लागले. दोन्ही काठांवरून तो आवाज नदीच्या पाण्यावर आला. शिष्य हरला होता, शपथ मोडली होती, आणि तरी आपण काहीतरी फार मोठे पाहत आहोत असे वाटून त्याचा ऊर भरून आला.

पंचांनी मानाची गदा आणली आणि ती पराभूताच्या खांद्यावर ठेवली. हरलेल्याने गदा उचलायची, विजेत्यासोबत चालत जाऊन ती त्याच्या घरी पोहोचवायची, त्याच्या पंगतीला जेवायचे आणि मग परतायचे, अशी या मेळ्याची रीत होती. हा जखमेवर मीठ चोळण्याचा प्रकार आहे, असेच शिष्य आजवर समजत आला होता. त्याने मान खाली घातली. गुरू जवळ आले.

"लाजतोस कशाला? गदा पोचवणारा माणूस सुखरूप आपल्या घरी येईपर्यंत मेळा संपला असं धरत नाहीत," ते हळूच म्हणाले.

शिष्याने चमकून वर पाहिले. "म्हणजे तोवर..."

"तोवर दोन्हीकडच्या तलवारी म्यानात. हा मेळा राजांनी हौसेखातर सुरू केला असं लोक म्हणतात. मला नाही वाटत. लढून लढून थकलेल्या माणसांनीच तो सुरू केला असणार. लढाई बंद करा असं सांगायची त्यांची प्राज्ञा नव्हती, म्हणून त्यांनी ती चार दिवस पुढं ढकलायची युक्ती काढली. मीही तरुणपणी हरलो होतो. ही गदा घेऊन गेलो, आणि त्या साली दोन्हीकडची पिकं घरात आली."

शिष्याने गदा दोन्ही हातांनी सावरली. खांद्यावर काय आहे हे त्याला आता कुठे कळत होते. त्याने वाकून गुरूंच्या पायांना हात लावला.

"गुरुजी, मी केव्हापर्यंत परत येऊ?"

गुरूंनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला. "सावकाश ये, बाळ."

शेजारच्या राज्याला जाणारा सरळ, सपाट राजमार्ग समोर होता. शिष्याने गदा नीट खांद्यावर घेतली, पाहुण्याच्या गुडघ्याला सोसेल अशा बेताने तो त्याच्या बरोबरीने चालू लागला, आणि वाटेतल्या पहिल्याच झाडाखाली येताच म्हणाला, "दादा, जरा टेकूया का?"