ओल्या गुडघ्यांचा पंच

फार पूर्वी डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. हिवाळा आला की तिथलं तळं गोठून फरशीसारखं टणक व्हायचं. त्या गावात एक तरुण लोहार आणि त्याची थोरली बहीण राहायची. भाऊ जोड्यांना लोखंडी पाती ठोकून द्यायचा. बहीण ते जोडे घालून बर्फावर अशी सरकायची, की बघणाऱ्यांच्या हातातली गरम पेज निवून जायची.

दर हिवाळ्यात तळ्यावर स्पर्धा होई. स्पर्धकाने पात्याने बर्फावर सहा पाकळ्यांचं फूल काढायचं आणि त्याच रेघेवरून आणखी दोनदा फिरायचं. तीन फेऱ्यांची मिळून एकच रेघ दिसली, तर काम चोख. पाच पंच होते. प्रत्येकाने चोख पाकळीमागे एक, असे जास्तीत जास्त सहा अक्रोड स्पर्धकाच्या परडीत टाकायचे. ज्याची परडी सगळ्यांत जड, त्याला विजयाचा हार.

जुने पंच बर्फावर गुडघे टेकून रेघ तपासत. पुढच्यांना मात्र काठावरच्या शेकोटीची सवय लागली. तिथून रेघ कुठली दिसायला? दिसायच्या त्या उड्या, आणि ऐकू यायची घुंगरं.

एका वर्षी बहिणीने सुईत दोरा ओवावा तसं फूल काढलं. गावच्या मुखियाच्या लेकीने घुंगरांचा घागरा घालून दोन उंच उड्या मारल्या. हार मुखियाच्या लेकीला मिळाला.

भाऊ उसळला. "अहो पंच, घोंगडीला चिकटलात काय? खाली उतरा आणि रेघ बघा!"

"आमच्या गुडघ्यांची चौकशी करू नकोस, पोरा," थोरले पंच म्हणाले. "गावचा रिवाज ठाऊक आहे ना? पंचांकडे बोट दाखवणाऱ्याने पुढच्या वर्षी स्वतः पंच व्हायचं. बस तू. बघू तुला किती दिसतं!"

सगळे हसले. बहिणीने त्याचा दंड धरला. "चल रे तापट. रेघ मी ओढली, मला दिसली. घरी चल, भूक लागलीय."

बर्फ वितळला तेव्हा बहिणीला ताप भरला. आठ दिवसांत ती गेली.

पुन्हा हिवाळा आला. भाऊ अजूनही जेवताना दोन वाट्या काढायचा आणि मग एक परत फळीवर ठेवायचा. पंच म्हणून बोलावणं आलं, तेव्हा त्याने मनाशी ठरवून टाकलं, 'मुखियाच्या लेकीला एकही अक्रोड द्यायचा नाही. एकही नाही!'

स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांत शेवटी मुखियाची लेक उतरली. या वेळी घुंगरं नव्हती. तिचं फूल पुरं झालं. बाकीच्या चारही पंचांनी शेकोटीपाशी बसूनच सहा-सहा अक्रोड टाकले.

भावाची मूठ घट्ट झाली. पण गेल्या वर्षी 'खाली उतरा' असं ओरडलेला तोच होता. न बघता मूठ मिटून घेतली, तर त्याच्यात आणि काठावरच्या चौघांत फरक काय? ताईने काय म्हटलं असतं?

तो बर्फावर गेला. गुडघे टेकले. गार पाणी धोतरातून आत झिरपलं. एकेक पाकळी तो बोटाने तपासत गेला. पहिली चोख, दुसरी चोख. तिसऱ्या पाकळीच्या वळणावर रेघ अर्धं बोट फाटली होती. पुढच्या तिन्ही चोख.

तो उठला आणि त्याने परडीत पाच अक्रोड टाकले.

मुखिया गरजला, "सूड घेतोस? सहावा कुठाय?"

"तिसऱ्या पाकळीत सांडला, काका. या, दाखवतो."

मुखिया जागचा हलला नाही. त्याची लेक मात्र येऊन वाकली. बराच वेळ बघून म्हणाली, "खरंय, बाबा. इथे माझा पाय सुटला होता."

मग थोरले पंच कण्हत-कुथत उठले. त्यांच्यामागे बाकीचे तिघे. चौघांनी बर्फावर गुडघे टेकले आणि प्रत्येकाने एकेक अक्रोड परत उचलला. मग पाचही पंचांनी बाकीच्यांच्या रेघाही तपासल्या. तरी हार मुखियाच्या लेकीलाच मिळाला, कारण त्या वर्षी तिचीच रेघ सगळ्यांत नीट होती.

हार हातात धरून ती भावापाशी आली. "हा माझा आहे, हे आज मला कळलं. मागचा माझा होता का, ते आता कसं कळणार? तो बर्फ तर वितळला. तो हार मी तुमच्या घरी आणून देते."

"चूक आमची होती," थोरले पंच मान खाली घालून म्हणाले. "आम्ही उतरलो नाही."

भावाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान ताठ होती. "हार नको. ताईला तिची रेघ दिसली होती."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "तिचाच भाऊ शोभतो!" घरी जाताना त्याचे गुडघे गारठून ठणकत होते, आणि ते ठणकणं त्याला आवडत होतं.

तेव्हापासून त्या गावात निकाल ऐकण्याआधी लोक पंचांचे गुडघे बघतात. कोरडे असले, तर निकाल पुन्हा द्यायला लावतात.

तात्पर्य: ज्याच्यामुळे आपल्यावर अन्याय झाला, त्याचीही रेघ जो वाकून नीट बघतो, त्यालाच न्याय मागण्याचा खरा अधिकार असतो.