चिंगीचं पोवळं उघडेना

एक होती खेकडी. तिचं नाव चिंगी.

केवढी होती? आईच्या कपाळावरच्या टिकलीएवढी!

चिंगी राहायची रेवाच्या घरी. रेवाच्या घरात काचेची मोठी पेटी. पेटीत खारट खारट पाणी. पाण्यात एक पोवळं. पोवळ्याला गुलाबी गुलाबी बोटं. मऊ मऊ, डुलणारी. त्या बोटांमध्ये चिंगीचं घर.

एकदा चिंगी फिरून आली. तिरकी तिरकी, टुकुटुकु टुकुटुकु. बघते तर काय? पोवळं मिटलेलं! गुलाबी बोटं आत. पोवळं फिकट फिकट.

"पोवळ्या, पोवळ्या, उघड ना! मला झोप आलीय."

पोवळं हळूच म्हणालं, "चिंगी, मला बरं नाही गं. अंगावर शेवाळ बसलंय. शेवाळ उठलं, तरच मी उघडेन."

चिंगी निघाली. तिरकी तिरकी, टुकुटुकु टुकुटुकु.

शेवाळ म्हणालं, "चिंगी, चिंगी, काय झालं?"

"पोवळं उघडेना,
मग चिंगीने झोपायचं कुठे?
शेवाळा, शेवाळा, ऊठ ना!"

"वा गं वा! मी नाही उठणार. इथे छान खायला मिळतं. गोगलगाय खायला आली, तरच मी उठेन."

चिंगी निघाली. तिरकी तिरकी, टुकुटुकु टुकुटुकु.

गोगलगाय म्हणाली, "चिंगी, चिंगी, काय झालं?"

"शेवाळ उठेना,
पोवळं उघडेना,
मग चिंगीने झोपायचं कुठे?
गोगलगायमावशी, शेवाळ खा ना!"

"मी नाही खाणार. पाणी कसं गप्प झालंय बघ. मला दम लागतो. हुश्श! पाणी हललं, तरच मी खाईन."

चिंगी निघाली. तिरकी तिरकी, टुकुटुकु टुकुटुकु.

पाणी म्हणालं, "चिंगी, चिंगी, काय झालं?"

"गोगलगाय खाईना,
शेवाळ उठेना,
पोवळं उघडेना,
मग चिंगीने झोपायचं कुठे?
पाण्या, पाण्या, हल ना!"

"मी आपलं आपण कसं हलू? समुद्रात मला वारा ढकलतो. इथे पंप ढकलतो. पंप फिरला, तरच मी हलेन."

चिंगी निघाली. तिरकी तिरकी, टुकुटुकु टुकुटुकु.

पंप कोपऱ्यात बसला होता. घर्र... खुळुक. घर्र... खुळुक. पंप म्हणाला, "चिंगी, चिंगी, काय झालं?"

"पाणी हलेना,
गोगलगाय खाईना,
शेवाळ उठेना,
पोवळं उघडेना,
मग चिंगीने झोपायचं कुठे?
पंपकाका, पंपकाका, फिरा ना!"

"कसा फिरू? माझ्या तोंडात माशाचा खाऊ अडकलाय. केवढा तरी! बाबांनी मला धुतलं, तरच मी फिरेन."

चिंगी काचेवर चढली. घसरली. परत चढली. काचेवर वाजवलं. टक टक टक!

रेवाचे बाबा म्हणाले, "चिंगी, चिंगी, काय झालं?"

"पंप फिरेना,
पाणी हलेना,
गोगलगाय खाईना,
शेवाळ उठेना,
पोवळं उघडेना,
मग चिंगीने झोपायचं कुठे?
बाबा, बाबा, पंप धुवा ना!"

"अगं, परवाच धुतला की! मी धुतो आणि तो लगेच भरतो. वरून खाऊ पडतोच आहे, पडतोच आहे. रेवा खाऊ टाकायची थांबली, तरच मी धुवेन."

रेवा कुठे होती? स्टुलावर! हातात खाऊची डबी. खुळखुळ खुळखुळ!

चिंगीने वाजवलं. टक टक टक!

रेवा म्हणाली, "चिंगी, चिंगी, काय झालं?"

"बाबा धुवेनात,
पंप फिरेना,
पाणी हलेना,
गोगलगाय खाईना,
शेवाळ उठेना,
पोवळं उघडेना,
मग चिंगीने झोपायचं कुठे?
रेवा, रेवा, थांब ना!"

"नाही थांबणार! आमचा लाडूमासा बघ. सारखा आ करतो. आ! आ! त्याला भूक लागलीय. आपण जेवायचं आणि त्याला उपाशी ठेवायचं? लाडूला भूक नसली, तरच मी थांबेन."

लाडू होता गोल गोल, नारिंगी. चिंगी त्याच्याकडे निघाली. पाय दुखले. तरी निघाली. तिरकी तिरकी, टुकुटुकु टुकुटुकु.

लाडू म्हणाला, "चिंगी, चिंगी, काय झालं?"

"रेवा थांबेना,
बाबा धुवेनात,
पंप फिरेना,
पाणी हलेना,
गोगलगाय खाईना,
शेवाळ उठेना,
पोवळं उघडेना,
मग चिंगीने झोपायचं कुठे?
लाडू, लाडू, आ करू नको ना!"

लाडू हसला. बुडुक बुडुक! "अगं वेडे, मी आ करतो तो श्वास घ्यायला. भूक कुठली? पोट बघ माझं. टम्म!"

"मग खातोस कशाला?"

"समोर आल्यावर कोण सोडतं?"

आता मात्र चिंगीला रडूच आलं. पाण्यात रडलं तर कुणाला दिसतं? कुणालाच नाही. पण लाडूला दिसलं.

"रडू नको गं," लाडू म्हणाला. "तुझं घर ते माझं शेजारघर. आता बघच!"

रेवाने चिमूट टाकली. खाऊ लाडूच्या नाकासमोर आला. लाडूच्या तोंडाला पाणी सुटलं! पण लाडूने पाठ फिरवली. सुळ्ळकन! काचेला पोट लावलं. टम्म पोट!

खाऊ खाली गेला. खाली, खाली, खाली.

"बाबा! लाडू आ करतो, पण खात नाही!"

बाबा आले. बघितलं. "अगं रेवा, तो श्वास घेतोय. पोट तर बघ त्याचं! सकाळी कुणी खाऊ घातला?"

"मी घातला," आजी म्हणाली. "बिचारा आ करत होता."

"मीपण घातला," दादा म्हणाला.

शेजारच्या कुलसुमकाकू दारातूनच म्हणाल्या, "मी तर येता-जाता घालते!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग सगळे हसले. लाडू काही हसला नाही. त्याचं पोट दुखत होतं.

रेवाने डबी बंद केली. टप!

मग काय!

रेवा थांबली,
बाबांनी पंप धुतला. खसाखसा!
पंप फिरला. घर्रर्रर्र!
पाणी हललं. सळसळ सळसळ!
गोगलगाय खायला लागली. चुटुक चुटुक!
शेवाळ उठलं. "आली बाई, गोगलगाय आली!" म्हणत पळालं.

आणि पोवळं?

पोवळं उघडलं नाही.

चिंगी शेजारी बसून राहिली. "पोवळ्या, आता तरी उघड ना!"

"जरा थांब गं. आजारातून उठायला वेळ लागतो."

चिंगी थांबली. दगडावरच झोपली. दगड टोचला. तरी थांबली. दुसऱ्या दिवशीही थांबली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही थांबली.

मग एके दुपारी, टुक! एक बोट बाहेर आलं. टुक! आणखी एक. टुक टुक टुक टुक! सगळं पोवळं गुलाबी झालं. मऊ मऊ, डुलणारं.

"ये गं चिंगी," पोवळं म्हणालं. "तू थांबलीस म्हणून बरं वाटलं."

चिंगी आत गेली. तिरकी तिरकी, टुकुटुकु टुकुटुकु.

आता रेवाच्या घरी काय करतात ठाऊक आहे? सकाळी रेवा लाडूला एक चिमूट घालते. मग काचेवर आईची लाल टिकली लावते. टिकली दिसली, की लाडू जेवला! रात्री टिकली काढायची. सकाळी परत लावायची.

काल कुलसुमकाकू आल्या. लाडूने आ केला. काकूंचा हात डबीकडे गेला.

रेवा म्हणाली, "काकू, टिकली बघा! तो श्वास घेतोय. घेऊ द्या त्याला."

काकूंनी हात मागे घेतला. मग लाडूसमोर त्यांनीच आ केला. आ!

आणि चिंगी? ती बघा, गुलाबी बोटांतून एक पाय बाहेर आलाय. झोपलीय ती. हळू बोला हं. पान हळूच मिटा.