धुरातला जोड

“...मग ते खोटं नव्हतं का, तात्या?”

रणधीर उभ्यानंच बोलत होता. तात्या इंगवले मान खाली घालून कात्रीची पाती पुसत होते. चाळीस वर्षं त्यांनी सिनेमाची फीत कापली नि जोडली. रणधीर याच टेबलावर शिकला. पाच वर्षांपूर्वी भांडून गेला, तो आज उगवला होता.

“तुमच्या त्या सिनेमात बाईचा चेहरा पन्हाळ्यावर घेतलेला. मेलेलं वासरू मिरजेत. दोन तुकडे शेजारी चिकटवलेत नि अख्खं थेटर रडवलंत. त्या बाईनं वासरू बघितलंसुद्धा नव्हतं!”

“नव्हतं.”

“म्हणजे तुमची कात्री खोटी.”

“बरं. खोटी... आणि तू?”

रणधीरनं फितीचा डबा टेबलावर आपटला.

“यल्लाप्पा लोहाराची भट्टी. कॅमेरा दारात मांडला नि बाजूला झालो. सलग नऊ मिनिटं. एक कट नाही.”

उद्या जाणकारांपुढे खेळ होता. पत्रकं वाटून झाली होती : कात्री न लागलेलं चित्र.

“मग कात्रीवाल्याकडं कशाला आलास?”

रणधीरची मान खाली गेली.

“मधला वीसेक हात तुकडा काढायचाय... त्याच्या आधी धूर दाटतो, नंतरही दाटतो. धुरात जोड लपेल. असा जोड तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही.”

तात्यांनी फीत यंत्रावर चढवली नि हातानं फिरवू लागले. छोट्या काचेवर घण पडत होता. धूर आला, विरला. लाल लोखंड निसटून लोहाराच्या पायावर पडलं. तो खाली बसला. मग मान वर करून त्यानं सरळ कॅमेऱ्याकडं बघितलं. ओठ हलले.

तात्यांचा हात थांबला. तो चेहरा काचेवर तसाच राहिला.

“काय म्हणतोय?”

“...पाणी.”

“तू किती लांब होतास?”

“आठ पावलं.”

“गेलास?”

“कॅमेरा चालू होता, तात्या.”

रणधीरला काचेकडं बघवेना.

“उद्या सगळे हेच बघतील. तेवढं काढा. पाया पडतो.”

तात्यांनी पुसलेली कात्री खणात ठेवली. खण लावून घेतला.

“माझी खोटी आहे. खरं कापायचं तर तुझी घेऊन ये.”