वचनाचे पाणी

त्या मुलखात प्रत्येक टेकडीला एकच टाके होते आणि सगळी टाकी एका मापाची होती. कुणाचे जास्त खोल नाही, कुणाचे जास्त रुंद नाही. फार पूर्वी एक बडी टेकडी मुलखातले सगळे चांगले पळणारे आपल्याकडे ओढून घ्यायची आणि बाकीच्यांना खेळायची हौसच उरायची नाही, म्हणून सगळ्यांनी एकत्र बसून हा नियम केला होता. टाके वर्षातून एकदा भरायचे. ते आपल्या कळपात कसे वाटायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. नियम इतका सरळ होता की त्यात कुणाचा गोंधळ उडेल असे कुणाच्या मनातही आले नाही.

खेळही सरळच होता. हिवाळा सरला की दोन टेकड्यांच्या मधल्या मैदानात चामड्याचा गोळा ठेवत. एकाने तो दातांत धरून पलीकडच्या शिवेच्या दगडापर्यंत न्यायचा. त्याला पळणारा म्हणत. पळणाऱ्याच्या पुढे बैलांची फळी उभी राही. फळीने समोरच्यांना रेटून वाट करून द्यायची, आणि वाट झाली की पळणाऱ्याने पळायचे. मग सगळा मुलूख पळणाऱ्याचे नाव घेऊन ओरडे. फळीतल्या बैलांची नावे त्यांच्या गाईंखेरीज फारशी कुणाला ठाऊक नसत.

उगवतीच्या टेकडीच्या फळीत मधोमध पवळ्या नावाचा बैल उभा राही. त्याचे मागणे मोठे नव्हते. आपली पाणी प्यायची दगडी डोण निदान अर्धी तरी भरावी आणि म्हातारपणापर्यंत याच टेकडीवर राहायला मिळावे, एवढेच. पण फळीचा वाटा वर्षाच्या वर्षाला ठरे, आणि टेकडी हरली की फळीतल्या काही बैलांना माळावर हाकलून देत. माळावर टाके नव्हते. गेल्या खेपेला पवळ्याच्या दोन्ही बाजूंचे बैल तिकडे गेले होते. त्यांचे पुढे काय झाले हे विचारायचे धाडस त्याने केले नाही.

टेकडीचा कारभार एक बोकड पाही. त्याची दाढी लांब होती, आणि त्या टेकडीवर दाढीलाच अनुभव समजत. अबलख घोडा पहिल्यांदा तिथे आला तेव्हा त्याने अर्धे टाके मागितले होते. एवढे देणे शक्य नव्हते, आणि त्याला सोडणेही शक्य नव्हते, कारण तो वाऱ्यासारखा पळे. कारभाऱ्याने थोडा वेळ पाला चघळला आणि तोडगा काढला.

"यंदा घोटभर घे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी डोणभर देतो. त्याच्या पुढची काही वर्षं त्याहून जास्त."

"वचन?" घोड्याने विचारले.

"वचन."

त्या मुलखात वचनाचे पाणी द्यावेच लागे. त्या वर्षी सगळे पोटभर प्याले, टेकडी जिंकली, आणि कारभाऱ्याच्या दाढीचे फार कौतुक झाले. मग, जसे व्हायचेच असते तसे, पुढचे वर्ष आले. अबलखच्या डोणीत पाणी पडू लागले ते थांबेचना. इतरांच्या डोणी उथळ झाल्या, फळी दमली, आणि फळी दमल्यावर घोडा कितीही वाऱ्यासारखा असला तरी वाऱ्याला वाट कुठून मिळणार? टेकडी हरली.

"हा फार पितो," कारभारी म्हणाला. "याला घालवून देऊ म्हणजे पाणी वाचेल." सगळ्या टेकडीने माना हलवल्या, पवळ्यानेही हलवली. अबलख खाली उतरून मावळतीच्या टेकडीकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटकरी करकोचा आला. टाक्यातून निघणारे पाणी चोचीने पाटाची झडप उघडून ज्याच्या त्याच्या डोणीत सोडणे हे त्याचे काम. त्याने नेहमीप्रमाणे आधी अबलखच्या डोणीची झडप उघडली.

"अहो पाटकरी, तो गेला की," पवळ्या म्हणाला.

"गेला."

"मग त्याची डोण का भरताय?"

"तो गेला. वचन कुठं गेलंय? ते इथंच आहे."

पवळ्याने विचार करून पाहिला. बैलाचा विचार डोक्यात कमी आणि मानेत जास्त असतो. मान दुखू लागली तेव्हा त्याने तो सोडून दिला.

घोड्यानंतर सांडणी आली. लांब टांगांची, नाक वर करून चालणारी. या खेपेला कारभाऱ्याने जास्त शहाणपण केले: पहिल्या वर्षीचा घोट आणखी लहान ठेवला आणि वचन आणखी लांबवर नेले. सांडणीचा पाय एका पावसाळ्यात मुरगळला आणि तिलाही पाणी वाचवण्यासाठीच घालवून देण्यात आले. तिची डोण राहिली. मग काळवीट आला. करकोचा आता आधी गेलेल्यांच्या डोणी भरी, मग काळविटाची, आणि टाक्याच्या तळाला जे गढूळ राही ते फळीकडे सोडी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे शहाणे लोक म्हणतात. उगवतीच्या टेकडीवर आडात होते आणि पोहऱ्यात नव्हते, आणि याला काय म्हणावे हे शहाण्यांनी सांगून ठेवलेले नाही.

खेळाचा दिवस जवळ आला तेव्हा पवळ्याच्या वशिंडाची कातडी सैल पडून एका बाजूला लोंबत होती. तो धीर करून कारभाऱ्याकडे गेला.

"कारभारी, यंदा टाकं भरलं होतं ना?"

"काठोकाठ. मी स्वतः उभा होतो."

"मग कुणी चोरलं का पाणी?"

"थेंबसुद्धा नाही. आपल्या टेकडीवर चोर नाहीत."

"मावळतीचं टाकं आपल्याहून मोठं आहे का?"

"काहीतरीच काय! मापाला माप आहे."

"मग आम्हाला का पुरत नाही?"

बोकडाने पाला एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "पुढच्या वर्षी पुरेल. अबलखचं वचन सरत आलंय. ते सरलं की सगळ्यात आधी तुझी डोण."

"तसं वचन द्याल मला?"

कारभाऱ्याला खरेच नवल वाटले. "फळीला कुणी वचन देतं का, गड्या? यंदा तेवढं जिंकून दे. हरलो तर फळी बदलावी लागेल बघ. माझ्या हातात काही नाही."

पवळ्या परत फिरला. प्रत्येक उत्तर खरे होते. टाके भरलेले होते, चोरी झाली नव्हती, माप सारखे होते, कारभारी खोटे बोलत नव्हता. तरी सगळी उत्तरे एकत्र केली की त्यांतून त्याची कोरडी डोणच निघत होती. आपल्यालाच काही कळत नसावे, असे त्याला वाटले. आणि त्याला भीती वाटली. माळाची, उन्हाची, आणि त्याहून जास्त या गोष्टीची की आपल्याला हाकलतील तेव्हाही आपल्याला कारण समजणार नाही.

वाटेत अबलखची डोण लागली. ती तुडुंब होती. काठाला शेवाळ धरले होते आणि दोन चिमण्या त्यात अंघोळ करत होत्या. पवळ्याने मान खाली नेली, पाण्यात स्वतःचे तोंड दिसले, आणि त्याने मान वर घेतली. वचनाच्या पाण्याला दुसऱ्याने तोंड लावायचे नसते, हे त्याला त्याच्या आईने शिकवले होते. त्याला कुणाचा धाक वाटला नाही, लाज वाटली.

खेळाच्या दिवशी मावळतीचा कळप मैदानात उतरला. त्यांच्या बैलांच्या माना तकतकत होत्या. पळणाऱ्याच्या जागी अबलख होता. खेळ सुरू व्हायच्या आधी तो एकटाच चढ चढून उगवतीच्या टेकडीवर आला. कुणी त्याला अडवले नाही, अडवायचे कारणच नव्हते. करकोच्याने मान लववली. अबलखने आपल्या जुन्या डोणीत तोंड घातले आणि तो डोळे मिटून भरपूर पाणी प्याला.

"काय पवळ्या, बरा आहेस ना?" त्याने तोंड वर काढून विचारले. तो चांगल्या मनाचा घोडा होता. "वाळलास रे फार. तिकडं मला पाणी जवळजवळ देतच नाहीत. म्हणतात, तुझं उगवतीला आहे ना. सगळं बैलांनाच जातं."

"हो का," पवळ्या म्हणाला. त्याला आणखी काहीतरी विचारायचे होते, पण काय ते त्याला सापडेना. तेवढ्यात शिंग वाजले.

फळ्या एकमेकींना भिडल्या. पवळ्याने खूर रोवले, मान खाली घातली आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. समोरचा बैल हलला नाही. पवळ्याच्या पायांखालची माती मात्र मागे सरकू लागली. त्याच्या डाव्या हाताचा जोडीदार गुडघ्यावर आला, मग तो स्वतः कुशीवर पडला, आणि त्याच्या पोटावरून ओलांडून अबलख पलीकडे गेला. शिवेच्या दगडापाशी आरोळी उठली. मागून, टेकडीवरून, बोकडाचा आवाज आला, "मी म्हणत होतोच! फळी बदला, फळी!"

पवळ्याला उठता येईना. धूळ खाली बसत होती. अबलख गोळा ठेवून परतला आणि आपल्या जुन्या सोबत्याला असे पडलेले पाहून त्याच्याजवळ थांबला. तो धापा टाकत खाली वाकला. त्याच्या ओठांत अडकून राहिलेले पाणी ओघळून पवळ्याच्या नाकपुडीवर पडले. पवळ्याने जीभ बाहेर काढली आणि ते चाटले. पाणी गार होते, गोड होते, त्यांच्याच टाक्याचे होते.