पाच वर्षांची झाडं

मूल्यांकन समिती येणार म्हटल्यावर टेकडीवरच्या विद्यापीठात रंगरंगोटीला नुसता ऊत आला. हिरव्यागार परिसराचे गुण हातचे जाऊ नयेत म्हणून कुलगुरू निरगुडकरांनी ट्रक भरभरून चांगली पुरुषभर उंचीची चाळीस झाडं आणवली आणि फाटकापाशी लावून घेतली.

मग त्यांनी बागेचं काम करणाऱ्या अनसाबाईंना बोलावलं. “कुणी विचारलं तर झाडं पाच वर्षांची आहेत म्हणायचं. नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका.”

अनसाबाई रोजंदारीवर होत्या, पण खोटं बोलणं त्यांच्या जिवावर येई. त्यांनी दोन-चार खोडं चाचपून पाहिली. “आहेतच की पाच वर्षांची. सांगीन, साहेब.”

समिती आली. कुलगुरू छाती पुढे काढून म्हणाले, “ही वनराई माझ्या कारकिर्दीतली! विचारा आमच्या बाईंना.”

“अगदी पाच वर्षांची झाडं आहेत,” अनसाबाई म्हणाल्या. कुलगुरूंची कळी खुलली.

अध्यक्षांनी सहज विचारलं, “मग पाच वर्षं पाणी तुम्हीच घालताय?”

“छे हो, मी चारच दिवस घातलंय. त्याआधी नर्सरीवाला घालायचा.”

अध्यक्षांनी हसू दाबत उत्तर वहीत टिपलं, बाईंचं नाव विचारलं आणि तेही टिपून घेतलं. आता अनसाबाईंना कामावरून काढायचीही सोय उरली नाही.

समितीची गाडी वळताच कुलगुरू कडाडले, “तुम्हाला काय सांगितलं होतं?”

“वय सांगायला सांगितलंत, ते सांगितलं,” झारी उचलत अनसाबाई म्हणाल्या. “माहेर लपवायचं होतं, तर तसं आधी बोलायचं ना, साहेब!”